इंजिन नवं केलं, तरी जुनी गाडी ‘मिसिंग’ का करते? अंबडच्या एका पद्मिनीमुळे समजलेलं टायमिंगचं गणित

रविवारी सकाळी अंबडमध्ये जरा शांतता असते. एमआयडीसीतली बरीच मशिनं बंद असतात, गरवारे पॉईंटला ट्रकची रांग कमी असते. त्या शांततेत मामाच्या पार्किंगमधून येणारा आवाज आख्ख्या गल्लीला ऐकू जायचा.

टक टक टक... फट. टक टक... फट.

ही मामाची प्रीमियर पद्मिनी. आयुष्यभर एमआयडीसीत नोकरी करून मामा रिटायर झाला आणि कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली पडलेली गाडी त्याने बाहेर काढली. इंजिन पूर्ण उघडलं. रिबोअर, नवे पिस्टन, नव्या रिंगा, क्रॅंक ग्राइंडिंग, हेडचं काम, सगळं झालं. सेकंडहँड बाईक आली असती एवढा खर्च झाला. गाडी सुरू झाली, मामीने नारळ फोडला आणि आठवड्याभरात गाडी मिसिंग करायला लागली.

मग सुरू झाले सल्ले. एका गॅरेजवाल्याने कार्बुरेटर बदलायला लावला. दुसऱ्याने कॉईल बदलली. तिसरा म्हणाला, पुन्हा इंजिन उघडावं लागेल. मामाने त्या दिवशी पहिल्यांदा “विकून टाकू का गं?” असं विचारलं.

गाडी विकली नाही, इंजिनही उघडलं नाही. दुरुस्तीला शेवटी किती खर्च आला ते पुढे सांगतेच. पण त्याआधी हा विषय समजून घेऊ, कारण घरात जुनी पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा पेट्रोल जीप असेल तर हा प्रसंग तुमच्यावरही येऊ शकतो.

आधी पद्मिनीची थोडी ओळख

ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी सुरू केली. वालचंद मूळचे सोलापूरचे. नाशिककरांना त्यांची दुसरी ओळख जास्त जवळची, कारण मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा साखर उद्योग आणि तिथलं रावळगाव चॉकलेट हे मुळात त्यांच्याच समूहाचं.

कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाटशी करार करून तिथे गाड्या बनायच्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलेंडरचं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती जगभर ओळखली गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

खासगी गाड्या मात्र अजून आहेत. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजोबांची. आणि त्या चालत्या ठेवायच्या तर टायमिंग कळायला हवं.

मिसिंग म्हणजे नेमकं काय?

इंजिनच्या प्रत्येक सिलेंडरमध्ये चार गोष्टी ओळीने होतात. पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडून ते पेटतं आणि जळालेला धूर बाहेर जातो. या एका फेरीत क्रॅंक दोनदा फिरतो.

चार सिलेंडर एकाच वेळी पेटत नाहीत, त्यांचा नंबर ठरलेला असतो. पद्मिनीत तो १-३-४-२ असा आहे. यालाच फायरिंग ऑर्डर म्हणतात.

एखाद्या सिलेंडरने आपला नंबर आला तरी काम केलं नाही की इंजिनला हिसका बसतो. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘मिसिंग करते’.

सिलेंडर पेटायला तीन गोष्टी लागतात. दाब, योग्य मिश्रण आणि योग्य वेळी जोरदार ठिणगी. यातलं काहीही एक कमी पडलं तरी आवाज तोच येतो, फट. म्हणूनच नुसता आवाज ऐकून “कार्बुरेटर बदला” असं सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

ठिणगी ‘वेळेवर’ म्हणजे कधी?

आपल्याला वाटतं की पिस्टन एकदम वर पोहोचला की ठिणगी पडत असेल. तसं नसतं, ती थोडी आधी पडते.

कारण पेट्रोलचं मिश्रण फटाक्यासारखं एका झटक्यात फुटत नाही. ज्योत प्लगपासून सुरू होते आणि पसरत जाते. त्याला ढोबळमानाने दोन मिलीसेकंद लागतात असं धरू. म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग.

आता हिशोब करा. गाडी उभी आहे, इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या मारतंय. म्हणजे सेकंदाला ४८०० अंश. दोन मिलीसेकंदात क्रॅंक साधारण १० अंश फिरतो.

तीच गाडी हायवेवर आहे, इंजिन ३००० फेऱ्यांवर आहे. म्हणजे सेकंदाला १८,००० अंश. त्याच दोन मिलीसेकंदात क्रॅंक ३६ अंश फिरून गेलेला असतो.

म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. प्रत्यक्षात वेग वाढल्यावर मिश्रण जास्त घुसळलं जातं, ज्योतही वेगाने पसरते, त्यामुळे आकडे असे सरळ वाढत जात नाहीत. पण तत्त्व हेच. ठिणगी आधी पडण्याला ‘ॲडव्हान्स’ म्हणतात आणि उशिरा पडण्याला ‘रिटार्ड’.

ठिणगी फार आधी पडली, तर पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर दाब पडतो. कसारा घाट चढताना एक्सलरेटर दाबल्यावर इंजिनमधून खडखड, टिणटिण असा आवाज येतो ना, ते नॉकिंग. ते चालू ठेवलं तर पिस्टन आणि हेड गॅसकेट खराब होतात.

ठिणगी फार उशिरा पडली, तर गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते, सायलेन्सर तापतो आणि रेडिएटर उकळतो. अर्धवट जळालेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये जाऊन फटाके फोडतं ते वेगळंच.

डेल्कोच्या आत चाललेली धावपळ

नव्या गाडीत हे सगळं कॉम्प्युटर बघतो. सेन्सर क्रॅंकची जागा सांगतो, दुसरा सेन्सर नॉकिंग ऐकतो आणि गडबड झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. मेकॅनिकने स्कॅनर लावला की कोणता सिलेंडर मिस करतोय तेही समजतं.

पद्मिनीत हे सगळं काम एक छोटासा डबा करतो. त्याचं नाव डिस्ट्रिब्युटर. आपल्याकडचे जुने मिस्त्री त्याला ‘डेल्को’ म्हणतात. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी आणि कॉईलवर चालणारी इग्निशन पद्धत कॅडिलॅक गाडीसाठी तयार केली, त्यांच्या कंपनीचं नाव डेल्को होतं. ते नाव आपल्या गॅरेजमध्ये आजही टिकून आहे.

डेल्कोच्या आत पॉईंट असतात. म्हणजे उघडझाप करणारा एक छोटा स्विच. पॉईंट बंद असताना कॉईलमधून १२ व्होल्टचा करंट वाहतो. पॉईंट उघडले की करंट तुटतो आणि त्याच क्षणी कॉईलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो झटका कॅपच्या मध्यभागी येतो, तिथून रोटर तो ज्याचा नंबर असेल त्या प्लगला पोहोचवतो.

एक वाक्य नीट लक्षात ठेवा. ठिणगी पॉईंट उघडण्याच्या क्षणी पडते. पुढचं सगळं याच वाक्यावर उभं आहे.

डेल्को क्रॅंकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. हे काम एका स्प्रिंगवर चालणारा स्विच करतो.

वेगानुसार ॲडव्हान्स वाढवायला डेल्कोच्या पोटात दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पडते. बऱ्याच गाड्यांत बाजूला एक व्हॅक्युमचा डबाही असतो. एक्सलरेटर हलका दाबलेला असताना तो आणखी थोडा ॲडव्हान्स देतो, कारण तेव्हा मिश्रण विरळ असतं आणि हळू जळतं.

मग इंजिन नवं केल्यावरच हा त्रास का?

कारण इंजिन बांधताना हात लागलेली प्रत्येक गोष्ट संशयित असते. गाडी आधी बरी चालत होती आणि कामानंतर बिघडली, तर दोष बहुतेक वेळा कामात हात लागलेल्या भागांतच सापडतो. नेहमीचे गुन्हेगार असे.

डेल्को उलटा बसणं. पिस्टन एका फेरीत दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. चुकीच्या वेळी डेल्को बसवला तर टायमिंगची खूण जुळते, पण ठिणगी पूर्ण एक फेरी चुकते. गाडी सुरूच होत नाही, कार्बुरेटरमधून फट फट करते.

प्लगच्या वायरी चुकणं. घाईत वायरी १-२-३-४ अशा लावल्या तर एक नंबर सोडून बाकी तिन्ही सिलेंडरना चुकीच्या वेळी ठिणगी मिळते.

टायमिंग चेन एक दात सरकणं. हा सगळ्यात फसवा प्रकार. गाडी सुरू होते, डेल्को फिरवून ठिणगीही जुळवता येते. पण व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडत राहतात आणि गाडीत कधीच दम येत नाही.

टॅपेट घट्ट होणं. हेडचं काम केल्यावर व्हॉल्व्ह सीटमध्ये अजून बसत असतात. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये टॅपेटचा गॅप कमी होतो. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि दाब निसटतो.

आणि नवे पार्ट. नवा कंडेन्सर, नवे पॉईंट, नवी कॅप. जुन्या गाड्यांसाठी आज मिळणारे पार्ट सगळेच चांगले नसतात. नवं आहे म्हणजे चांगलं आहे, असं धरून चालू नका. जुना चालू पार्ट फेकून देऊ नका, तपासायला तोच कामाला येतो.

आता तपासायचं कसं? क्रम चुकवू नका

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दाब, मग पॉईंट, मग टायमिंग आणि शेवटी कार्बुरेटर. हा क्रम पाळायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते समजत नाही.

सुरू करण्याआधी काळजी घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पार्किंग मोकळ्या हवेचं. ओढणी, चेन, सैल बाही फॅनपासून लांब. प्लगचा झटका जोरदार असतो आणि पेट्रोल सांडलेलं असेल तर एक ठिणगी पुरते.

पायरी १. कोणता सिलेंडर मिस करतोय ते शोधा. गाडी बंद करा, एका प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा, गाडी सुरू करून आवाज ऐका. इंजिन आणखी लडखडलं तर तो सिलेंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. चारही सिलेंडर असेच तपासा. दोष एकाच सिलेंडरमध्ये असेल तर प्लग, वायर, टॅपेट किंवा व्हॉल्व्ह बघा. चारही अधूनमधून मिस करत असतील तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी बघा, म्हणजे पॉईंट, कंडेन्सर, कॉईल, रोटर, पेट्रोल.

पायरी २. प्लगचा रंग बघा. फिका तपकिरी म्हणजे तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलने ओला म्हणजे तिथे पेटतच नाहीये. ऑईलने ओला म्हणजे रिंगा अजून बसल्या नाहीत किंवा व्हॉल्व्हकडून ऑईल येतंय. एकदम पांढरा म्हणजे मिश्रण विरळ आहे किंवा प्लग जास्त तापतोय.

पायरी ३. टॅपेट आणि दाब. टॅपेटचा गॅप मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढाच ठेवा. नंतर इंजिन गरम करून चारही प्लग काढा, कॉईलची वायर सोडवा, एक्सलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन गेजने दाब मोजा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, फार तर १०-१५ टक्क्यांचा फरक. एक सिलेंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलेंडर कमी असतील तर हेड गॅसकेटवर संशय घ्या.

पायरी ४. पॉईंट. कॅप काढा. आत बारीक काळी रेघ किंवा तडा दिसतो का बघा. त्या रेघेतून करंट भलतीकडे पळतो, विशेषतः पावसाळ्यात. मग इंजिन हाताने फिरवून पॉईंट सगळ्यात जास्त उघडतील तिथे आणा आणि फिलर गेजने गॅप मोजा. अशा बहुतेक गाड्यांत तो ०.४ ते ०.५ मिलीमीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पॉईंट जळून काळेनिळे झाले असतील तर कंडेन्सर तपासा. कॉईलची प्लस-मायनस वायर उलटी असली तरी गाडी चालते, पण ठिणगी कमजोर पडते.

पायरी ५. आता टायमिंग. पॉईंटच्या आधी टायमिंग का नाही? आपलं वाक्य आठवा. ठिणगी पॉईंट उघडण्याच्या क्षणी पडते. गॅप वाढला की पॉईंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. गॅप कमी झाला की टायमिंग मागे येतं. आधी टायमिंग लावलं आणि मग गॅप बदलला तर सगळी मेहनत वाया.

टायमिंग लावायला महागडं यंत्र लागत नाही. १२ व्होल्टचा एक साधा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरवा. अंगठ्याला हवेचा दाब लागला की पिस्टन दाबायच्या फेरीत वर येतोय. पुढची खूण जुळवा. रोटरचं तोंड कॅपच्या एक नंबरकडे हवं. आता बल्बची एक वायर कॉईलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावा. इग्निशन ऑन करा. पॉईंट बंद असताना बल्ब विझलेला असतो, उघडले की लागतो. डेल्कोचा नट सैल करून डेल्को रोटरच्या दिशेने फिरवा, बल्ब विझेल. मग हळूच उलट दिशेने फिरवा. बल्ब ज्या क्षणी लागेल तिथे थांबा आणि नट आवळा. काम झालं की इग्निशन लगेच बंद करा, नाहीतर कॉईल तापते.

पायरी ६. चालू इंजिनवर खात्री. टायमिंग लाईट मिळाली तर उत्तम. व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि खुणेवर उजेड टाका. हळूहळू रेस वाढवली की खूण सावकाश सरकली पाहिजे. ती जागेवरच राहिली तर आतली वजनं जाम आहेत. ती नाचत असेल तर डेल्कोचा बुश झिजलाय, आणि मग कितीही टायमिंग लावा, ते टिकणार नाही.

पायरी ७. शेवटी कार्बुरेटर. गाडी उभी असताना मिस करते आणि रेस केल्यावर नीट चालते, तर कुठूनतरी जादा हवा आत शिरत असते. कार्बुरेटरच्या खालच्या आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर ऑईल कॅनने थेंबभर ऑईल सोडा. इंजिनचा आवाज बदलला तर गळती तिथेच. ऑईल तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर सांडू देऊ नका.

व्हॅक्युम गेज वापरणाऱ्यांसाठी नाशिकची एक खास सूचना. पुस्तकात लिहिलेले आकडे समुद्रसपाटीचे असतात, चांगल्या इंजिनला साधारण १७ ते २१ इंच. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. इथे हवा थोडी विरळ, त्यामुळे काटा सुमारे दोन इंच खालीच दिसतो. तो आकडा बघून घाबरून इंजिन उघडू नका.

गरम झाल्यावरच मिस करते, तर?

थंड असताना गाडी मस्त चालते आणि अर्ध्या तासाने लडखडते, तर तीन संशयित असतात. तापल्यावर दगा देणारी कॉईल किंवा कंडेन्सर, घट्ट झालेला टॅपेट, नाहीतर पेट्रोलची वाफ. उन्हाळ्यात पेट्रोल पंपात किंवा नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि कार्बुरेटरला पेट्रोल पोहोचत नाही. जुने ड्रायव्हर फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते यासाठीच. ओल्या फडक्याने गाडी सुधारली, तर दोष टायमिंगचा नाही.

आता यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला जळायला एका किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ किलो पुरते. नवी गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. पद्मिनीच्या कार्बुरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिश्रण विरळ पडतं आणि काठावरची गाडी मिस करायला लागते. इथेनॉल पाणीही ओढून घेतं आणि जुन्या रबराच्या नळ्या, डायफ्राम लवकर खराब करू शकतं. त्यामुळे इंजिनचं काम करताना पेट्रोलच्या नळ्या नव्या आणि इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. महिनोन्महिने टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

मामाच्या गाडीत काय निघालं?

मामाच्या एका मित्राने सिडकोतल्या एका जुन्या मिस्त्रींना आणलं. वय सत्तरच्या पुढे. गॅरेज कधीच बंद केलेलं. त्यांनी बॉनेट उघडलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, “भाऊ, कार्बुरेटरला कुणी हात लावू नका आता.”

पहिल्याच पायरीला तीन नंबरचा सिलेंडर सुस्त निघाला. गरम इंजिनवर दाब मोजला, तोच कमी. टॅपेट कव्हर काढलं तर तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप जवळपास संपलेला. इंजिन बांधल्यानंतर टॅपेट पुन्हा तपासायला कुणी बोलावलंच नव्हतं.

मग डेल्को उघडला. पॉईंटचा गॅप एवढा कमी की फिलर गेजचं पातळ पानही जेमतेम शिरत होतं. नवे पॉईंट बसवताना कॅमला ग्रीस लावलं नव्हतं. कोरड्या कॅमवर घासून पॉईंटची फायबरची टाच झिजली, गॅप कमी झाला, ठिणगी कमजोर पडली आणि टायमिंग मागे गेलं. आधीच्या कुणीतरी गाडी ओढत नाही म्हणून डेल्कोच फिरवून ठेवला होता. म्हणजे एका चुकीवर दुसऱ्या चुकीचं पांघरूण.

टॅपेट लावले. पॉईंट साफ करून गॅप लावला, कॅमला मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस लावलं. बल्ब लावून टायमिंग जुळवलं. नव्या पार्टचा खर्च शून्य. मिस्त्रींनी हजेरीचे पैसेसुद्धा मामाने जबरदस्ती केल्यावर घेतले.

दुपारी आम्ही पाथर्डी फाट्यावरून पांडवलेण्यांपर्यंत चक्कर मारून आलो. मामा पूर्ण रस्ताभर काही बोलला नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाला, “बरं झालं विकली नाही.”

हे सगळं समजून घेण्याचा फायदा काय?

पहिला फायदा पैशांचा. चुकीच्या टायमिंगवर फिरवलं तर नवे पिस्टन आणि हेड गॅसकेट पुन्हा बदलायची वेळ येते, आणि चुकीच्या निदानावर तेच इंजिन विनाकारण उघडलं जातं.

दुसरा कागदपत्रांचा. मिस करणाऱ्या इंजिनमधून न जळालेलं पेट्रोल बाहेर पडतं, पीयूसीच्या तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेला नको. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीत पोहोचल्या. त्यामुळे मिसिंगला कंटाळून दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायच्या आधी दोनदा विचार करा.

तिसरा फायदा पैशांत मोजता येत नाही. बल्ब लावून टायमिंग जुळवणारे, आवाजावरून टॅपेट ओळखणारे मिस्त्री आता थकलेत. त्यांचं ज्ञान कुठल्या स्कॅनरमध्ये नाही. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर पुढच्या वेळी गाडी त्यांच्याकडे सोडून निघून येऊ नका. शेजारी उभे राहा, फोनवर व्हिडिओ काढा, त्यांनी काय मोजलं आणि किती ठेवलं ते लिहून घ्या.

आम्ही तेच केलं. मामाच्या ग्लोव्हबॉक्समध्ये आता एक छोटी वही असते. तारीख, किलोमीटर, टॅपेट, पॉईंट, टायमिंग. आणि पहिल्या पानावर मिस्त्रींनी मामाला लिहायला लावलेली ओळ, “पाचशे किलोमीटरनंतर टॅपेट आणि पॉईंट पुन्हा बघणे.”